दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बेंबीजवळ गाठ : दोष कोणाचा आणि आता पुढे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका शेतकरी वाचकाने पत्र पाठविले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहोत.

वाचकाच्या ५७ वर्षांच्या आईला पित्ताशयातील खड्यांमुळे वारंवार पोटदुखी होत असे. मागील मार्गशीर्षात जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी आई घरी आल्या. टाके काढताना सर्व ठीक असल्याचे सांगण्यात आले. काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल नंतर आला. तो बिलांसोबत फाइलमध्ये लावून मिळाला आणि घरात कोणीही वाचला नाही. पोळ्याच्या सुमारास बेंबीच्या छिद्राजवळ एक कडक गाठ हाताला लागू लागली. गावातील डॉक्टरांनी ती टाक्याची गाठ समजून गोळ्या दिल्या. महिनाभरानंतर सुईने तपासणी केली तेव्हा तो कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. मग जुनी फाइल शोधली असता पित्ताशयातच कर्करोग होता आणि तो 'टी-२' पायरीचा होता, असे त्या अहवालात लिहिलेले आढळले.

वाचक लिहितात : "मामा म्हणतात की दुर्बिणीनेच रोग पसरवला, पोट उघडून शस्त्रक्रिया केली असती तर असे झाले नसते. शेजारच्या गावचे वैद्य म्हणतात की आता सुई आणि चाकू दोन्ही लावू देऊ नका. माझ्या मनात येते की ही एकच गाठ आहे, ती काढून टाकली तर आई बरी होईल. त्यासाठी दोन एकर विकून तिला मुंबईला न्यावे का? आईला आम्ही काहीच सांगितलेले नाही. माझ्या बहिणीलाही खडे आहेत. तिने पुढच्या महिन्याची शस्त्रक्रियेची तारीख रद्द केली. आणि तो अहवाल मी वेळेवर वाचला असता तर, हा विचार मला झोपू देत नाही."

उत्तर :

तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी एकाचे उत्तर चुकले तर पुढची दोन चुकतील, म्हणून मामांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो. तुमच्या घरात त्याच म्हणण्याच्या आधारे तुमच्या बहिणीचा निर्णय झालेला दिसतो.

दुर्बिणीने कर्करोग निर्माण होत नाही. तो पित्ताशयात आधीच होता. पित्ताशयाचा कर्करोग सुरुवातीला स्वतःची वेगळी अशी कोणतीही खूण दाखवीत नाही. दुखणे खड्यांसारखेच असते, सोनोग्राफीत भिंत जाड दिसली तरी तशी भिंत जुनाट सुजेमुळेही जाड होते, आणि खड्यांच्या सावलीत लहान गाठ लपून जाते. त्यामुळे खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पित्ताशयांपैकी काहींमध्ये, साधारणपणे शंभरात एक किंवा त्याहूनही कमी, सूक्ष्मदर्शकाखाली अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो. उत्तर भारतातील गंगेच्या खोऱ्यात आणि आसामच्या पट्ट्यात या रोगाचे प्रमाण आपल्याकडच्यापेक्षा बरेच अधिक आहे. आपल्या भागात तो तुलनेने विरळ असल्यामुळेच कदाचित त्याची शंका घेण्याची सवय इथे कमी असावी.

तरीही मामांचे म्हणणे पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही. दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी कर्करोग उगवतो, हे सर्जनांना या शस्त्रक्रियेच्या प्रारंभीच्या वर्षांपासूनच ठाऊक आहे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये या पद्धतीने पहिल्यांदा पित्ताशय काढले आणि भारतात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली. त्याच दशकात जगभरातून अशा गाठींच्या नोंदी येऊ लागल्या. ज्या रुग्णांच्या पित्ताशयात नंतर अनपेक्षितपणे कर्करोग सापडला, त्यांच्यापैकी सुमारे अठरा ते एकोणीस टक्के रुग्णांत २००० सालापूर्वीच्या नोंदींनुसार छिद्राच्या जागी गाठ आली. त्यानंतरच्या नोंदींत हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर आले आहे. दुर्बीण तीच राहूनही प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, याचा अर्थ दुर्बीण कशी वापरली जाते यावर बरेच काही अवलंबून असते.

हे कसे घडते ते थोडे सविस्तर सांगतो. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून, साधारणपणे चार लहान छिद्रांतून ही शस्त्रक्रिया होते. सुजलेले, चिकटलेले पित्ताशय सोडवताना चिमट्याने फाटले, तर त्यातील पित्त पोटात सांडते आणि त्या पित्तासोबत कर्करोगाच्या पेशीही सांडतात. नंतर ते पित्ताशय बेंबीजवळच्या किंवा छातीच्या हाडाखालच्या छिद्रातून ओढून बाहेर काढले जाते. तेव्हा ते पिशवीत न घालता तसेच ओढले, तर त्या अरुंद छिद्राच्या ताज्या जखमेत पेशी पुसल्या जातात. ताज्या जखमेला भरून येण्यासाठी रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे तेथे पडलेली पेशी ओलाव्याच्या जमिनीत पडलेल्या सरकीप्रमाणे रुजते. वायूच्या दाबामुळे पेशी छिद्रांकडे वाहून जातात असेही एक मत आहे. परंतु ज्या छिद्रातून पित्ताशय बाहेर काढले तेथे गाठ येण्याचा धोका इतर छिद्रांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळतो, म्हणून प्रत्यक्ष स्पर्श हेच मुख्य कारण मला वाटते. तुमच्या आईंची गाठ बेंबीजवळ आहे. पित्ताशय बहुधा त्याच वाटेने काढले गेले असावे, आणि ते शस्त्रक्रियेच्या टिपणात पाहून पक्के करता येईल.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी 'पोट उघडून केले असते तर' या वाक्यात हरवते. पित्ताशयाची भिंत थराथरांची असते : आतले अस्तर, त्यावर स्नायूचा थर, त्याच्या बाहेर सैल ऊतींचा पातळ थर आणि मग एका बाजूला थेट यकृत. 'टी-२' म्हणजे कर्करोग स्नायूचा थर ओलांडून त्या सैल थरात शिरलेला आहे. खड्यांसाठीच्या साध्या शस्त्रक्रियेत सर्जन पित्ताशय यकृतापासून नेमके याच सैल थरातून सोडवतो, मग ते दुर्बिणीने असो वा पोट उघडून. म्हणजेच आत कर्करोग आहे हे ठाऊक नसताना केलेली साधी शस्त्रक्रिया, कोणत्याही पद्धतीची असली तरी, रोगाच्या अगदी काठावरून किंवा रोगातूनच जाण्याची शक्यता असते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या व्रणातही पुढे गाठी आल्याच्या नोंदी आहेत, आणि अनपेक्षितपणे सापडलेल्या कर्करोगात दोन्ही पद्धतींच्या रुग्णांच्या आयुर्मानात बहुतेक अभ्यासांना ठळक फरक आढळलेला नाही. मामांना हे शांतपणे सांगा. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, परंतु त्या रागाची दिशा यंत्राकडे गेली तर खरी चूक कोठे झाली हे कोणी विचारणारच नाही.

माझ्या मते खरी चूक त्या अहवालापाशी आहे. पित्ताशयाच्या कर्करोगात तो अहवाल हा शस्त्रक्रियेचाच अर्धा भाग असतो. कर्करोग फक्त आतल्या अस्तरापुरता असता, तर पित्ताशय काढणे एवढाच उपचार पुरेसा ठरला असता. स्नायूच्या थरात किंवा त्याच्या पलीकडे गेलेल्या रोगात, प्रकृती साथ देत असेल तर, दुसरी मोठी शस्त्रक्रिया सुचवली जाते. तीत पित्ताशयाला लागून असलेला यकृताचा भाग आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवडे हा त्यासाठी योग्य काळ समजला जातो. त्यानंतर बहुतेक रुग्णांना सुमारे सहा महिने केमोच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांच्या, गोळ्या देतात. तुमच्या आईंच्या बाबतीत हा काळ फाइलमध्ये गेला. वेळेवर सर्व काही झाले असते तर ही गाठ आलीच नसती, असे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही, कारण पेशी पहिल्याच दिवशी सांडल्या असाव्यात. पण एक मोठी संधी हुकली, हे मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आणि म्हणूनच तुमच्या त्या न झोपू देणाऱ्या विचाराला येथे थांबवतो. इंग्रजीत लिहिलेला, बिलांच्या मागे लावलेला कागद घरच्यांनी उघडून वाचावा आणि त्यातील 'टी-२' या दोन अक्षरांचा अर्थ स्वतः लावावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्यांनी तपासणी सांगितली, त्यांनीच अहवाल पाहणे, रुग्णाला बोलावणे आणि समोर बसवून समजावणे हे त्यांचे कर्तव्य होते. तुम्ही आईंना रुग्णालयात नेले, टाके काढायला पुन्हा नेले आणि गाठ दिसताच पुन्हा डॉक्टरांकडे नेले. मुलाने करायचे ते तुम्ही केलेले आहे.

आता आजच्या गाठीविषयी. तुम्ही ती 'एकच गाठ' समजत आहात, आणि मला सर्वात जास्त काळजी याच समजुतीची वाटते. छिद्राच्या जागी उगवलेली गाठ ही बहुतेक वेळा एकटी नसते. ज्या पेशी जखमेत रुजल्या, त्याच पोटाच्या आतल्या आवरणावर, यकृतात किंवा लसिका ग्रंथींतही रुजलेल्या असू शकतात. बाहेरची हाताला लागते म्हणून आधी कळते, इतकेच. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात भूल देऊन ती एवढीच गाठ काढून टाकली, तर जखम भरेपर्यंत केमो लांबते, पोटाची भिंत कमकुवत होऊन हर्निया होण्याची शक्यता वाढते आणि आतला रोग तसाच राहतो. पूर्वी अनेक केंद्रांत दुसऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्व छिद्रांचे व्रण सरसकट कापून काढण्याची पद्धत होती. नंतरच्या अभ्यासांत त्यामुळे रुग्णांचे आयुष्य वाढत नसल्याचे दिसले आणि काहींना त्या जागी हर्निया झाला. त्यामुळे सरसकट तसे करण्याचा आग्रह आता धरला जात नाही. व्रण कापून रोगाला अडवता येते ही कल्पना डॉक्टरांनाही एके काळी पटली होती, त्यामुळे ती तुम्हालाही पटली याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रोग कोठे कोठे आहे याचा संपूर्ण अंदाज घेणे आवश्यक आहे. त्यासाठी छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन, काही वेळा पेट स्कॅन, यकृताच्या रक्ततपासण्या आणि सीए १९-९ ही रक्तातील खूण तपासतात. स्कॅनमध्ये काही न दिसल्यास, मोठ्या शस्त्रक्रियेच्या विचारापूर्वी पोटात दुर्बीण घालून आतले आवरण डोळ्यांनी पाहण्याचा सल्लाही दिला जाऊ शकतो. मामांना हे ऐकून धक्का बसेल, पण तो सल्ला योग्य असतो. रोग खरोखरच एका गाठीपुरता आढळला, तर सामान्यतः आधी काही महिने केमो देऊन, त्या काळात नवीन ठिकाणी काही उगवत नाही ना हे पाहून, मग निवडक रुग्णांमध्ये गाठ काढण्याचा निर्णय घेतात. रोग इतरत्रही असेल तर केमो हाच मुख्य उपचार राहतो.

वैद्यांनी सुईविषयी जे सांगितले, त्यात सत्याचा एक कण आहे. पित्ताशयात कर्करोगाची शंका असून शस्त्रक्रिया शक्य असेल, तर जाणकार सर्जन आधी पित्ताशयात सुई घालण्याचे टाळतात. पण तुमच्या आईंच्या बाबतीत सुई त्वचेखाली उगवलेल्या गाठीत गेली आहे. त्या तपासणीने रोग पसरला नाही, उलट त्यामुळेच निदान झाले. छिद्राच्या जागी येणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही इतर वाचकांसाठी येथे नोंदवतो. टाक्याच्या धाग्याभोवतीची गाठ, हर्निया, पोटात सांडलेल्या खड्याभोवतीचा पू, तसेच क्षयरोगाच्या जातीतील जंतूंचा संसर्ग ही कारणे आपल्या देशात चांगलीच परिचित आहेत. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण टाके भरल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आलेली, कडक आणि वाढत जाणारी गाठ गोळ्यांवर महिनाभर ठेवू नये. सुईची साधी तपासणी लगेच करून घ्यावी आणि त्या वेळी काढलेल्या पित्ताशयाचा अहवाल डॉक्टरांच्या हातात द्यावा.

केमोकडून काय अपेक्षा ठेवावी, हे तुम्ही पत्रात विचारलेले नाही, पण जमीन विकण्याचा प्रश्न त्यावरच ठरतो. पसरलेला पित्ताशयाचा कर्करोग पूर्ण बरा होणे दुर्मीळ आहे. जेमसिटाबिन आणि सिस्प्लाटिन ही दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासावर आधारलेली आहे. एकट्या जेमसिटाबिनवर निम्मे रुग्ण सुमारे आठ महिने किंवा त्याहून अधिक जगले, तर दोन्ही औषधांवर हा काळ पावणेबारा महिन्यांच्या जवळ गेला. हे आकडे मधल्या रुग्णाचे आहेत. काही रुग्ण त्याहून कितीतरी अधिक जगतात, काही कमी, आणि तुमच्या आई कोठे असतील हे आज कोणालाही सांगता येणार नाही. महत्त्वाची गोष्ट ही की ही दोन्ही औषधे जुनी आहेत आणि विदर्भातच मिळतात. २०२२ मध्ये त्यांच्या जोडीला डुर्वालुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारे महागडे औषध देण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा मधला काळ साडेअकरा महिन्यांवरून पावणेतेरा महिन्यांच्या आसपास गेला. काही थोड्या रुग्णांना त्याचा दीर्घ लाभ होतो हे खरे असले, तरी त्यासाठी दोन एकर विकावेत असे मी तुम्हाला सांगणार नाही. एक गोष्ट मात्र जरूर विचारा : गाठीच्या तुकड्यात 'हर-२' हे प्रथिन वाढलेले आहे का, ही तपासणी करता येईल का? पित्ताशयाच्या कर्करोगाच्या थोड्याच रुग्णांत ती होकारार्थी येते, पण आली तर त्या प्रथिनाला लक्ष्य करणाऱ्या औषधांचा पर्याय खुला होतो.

उपचार कोठे घ्यावेत? मुंबईचे टाटा रुग्णालय उत्तम आहे. तेथे एकदा अहवाल दाखवून मत घेणे अनेकांना उपयोगी पडते. परंतु केमो हा महिनोन्‌महिने चालणारा उपचार आहे. त्यासाठी दर वेळी मुंबईला जाणे म्हणजे रुग्णाचा जीव आणि घरचा हंगाम दोन्ही पणाला लावणे होय. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही तुमच्यासाठी जवळची ठिकाणे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्य मित्र' बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्यालाच भेटा आणि आईंचा नेमका उपचार योजनेत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी विचारा. पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहू नका. एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णांना सवलत मिळते, त्यासाठीचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा.

उपचार सुरू असताना घरी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागेल. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे आणि त्यासोबत थंडी वाजून ताप येणे हे पित्ताची वाट अडल्याचे व त्यात संसर्ग झाल्याचे लक्षण आहे. त्यावर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पित्ताच्या नळीत बारीक नळी बसवून ही अडचण बहुधा दूर करता येते, आणि ती दूर झाल्यावरच केमो पुढे चालू ठेवता येते. तसेच वेदना सहन करणे हा उपचाराचा भाग नाही. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्याने माणूस व्यसनी होत नाही आणि लवकर मरतही नाही. कर्करोगाच्या मोठ्या केंद्रांत त्यासाठी स्वतंत्र वेदनाशामक विभाग असतात. केमो सुरू होण्याच्या आधीपासूनच त्यांच्याकडे नाव नोंदवले तर उत्तम.

आईंना काही सांगितलेले नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तेथे थोडा थांबतो. बेंबीजवळची गाठ त्यांच्या हाताला रोज लागते. घरात आवाज खाली येतात, बहीण तारीख रद्द करते, मामा येऊन जातात, हे सर्व त्या पाहत असणार. ज्या स्त्रीने आयुष्यभर घरातील अडचणी न सांगता ओळखल्या, तिच्यापासून ही गोष्ट लपली असेल असे मला वाटत नाही. न सांगण्यामागे तुमचे प्रेम आहे, याची मला शंका नाही. मात्र केमोसाठी त्यांची संमती लागेल, आणि केस का गळत आहेत, उलट्या का होत आहेत याचे खोटे कारण रोज सांगावे लागेल. माझा सल्ला असा की सगळे आकडे एकाच दिवशी सांगू नका. 'आई, पित्ताशयात वाईट गाठ निघाली होती, तिचाच भाग बेंबीजवळ आला आहे, त्यावर औषध चालू करायचे आहे' एवढे सांगा आणि पुढे त्या जितके विचारतील तितकेच उत्तर द्या. त्या काहीच विचारणार नाहीत, असेही होऊ शकते. तोही त्यांचा निर्णय आहे. शेताविषयी, नातवंडांविषयी, कोणाला भेटायचे आहे याविषयी त्यांना काही ठरवायचे असेल, तर त्यासाठी त्यांच्या हाती वेळ असू द्या.

बहिणीविषयी मला तुमच्याशी अधिक ठामपणे बोलायचे आहे. खडे आहेत पण कसलाच त्रास नाही, अशा बहुतेक लोकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. मात्र तिला तारीख दिली गेली होती, म्हणजे दुखणे असावे. दुखणाऱ्या खड्यांचे पित्ताशय काढणेच योग्य. आईला पित्ताशयाचा कर्करोग झालेला असल्यामुळे तिचा स्वतःचा धोका सर्वसामान्य स्त्रीपेक्षा काहीसा अधिक धरला जातो. तेव्हा भीतीपोटी शस्त्रक्रिया टाळणे हा तिच्यासाठी उलटा निर्णय ठरेल. तिने नव्याने सर्जनकडे जावे आणि आईचा इतिहास आधी सांगावा. सोनोग्राफीच्या कागदावर भिंतीचा एखादाच भाग जाड आहे का, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (अस्तरावरचा कोंबासारखा उंचवटा) आहे का, तीन सेंटिमीटरहून मोठा खडा आहे का, भिंतीवर चुन्याचा थर दिसतो का, हे विचारावे. यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन करावा आणि शंका राहिली तर जेथे कर्करोगाची पूर्ण शस्त्रक्रिया होऊ शकते अशाच केंद्रात जावे, कारण तेथे पहिल्याच वेळी योग्य ती शस्त्रक्रिया होते. शंका नसेल तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया तिच्यासाठी सुरक्षित आहे. फक्त पित्ताशय पिशवीत घालूनच बाहेर काढावे, ते काढल्यावर तेथेच उघडून डोळ्यांनी पाहावे आणि काहीही दिसले नाही तरी तपासणीला पाठवावे, एवढे तिने सर्जनना आधी सांगावे. हे विचारल्याने चांगल्या सर्जनला राग येत नाही. अहवालाची तारीख लिहून घ्यावी, त्या दिवशी स्वतः जावे आणि 'यात कर्करोग आहे की नाही, एवढे मला मराठीत सांगा' असे विचारूनच परत यावे.

राहिला तक्रारीचा प्रश्न. तो तुम्ही थेट विचारला नाही, पण मामांचा रोख त्या दिशेने दिसतो. तक्रार करावी की नाही, हे तुम्ही आईंशी बोलून ठरवा. कागद मात्र आजच मागा, कारण ते उपचारासाठी आधी लागणार आहेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात, आणि त्या नोंदी किमान तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. लेखी अर्ज करा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि अर्जात शस्त्रक्रियेचे संपूर्ण टिपण, तपासणीचा मूळ अहवाल आणि पित्ताशयाचे तुकडे बसवून प्रयोगशाळेत ठेवलेले मेणाचे ठोकळे व काचपट्ट्या मागा. पित्त सांडले होते का, पिशवी वापरली होती का, कोणत्या छिद्रातून पित्ताशय काढले, हे त्या टिपणात असायला हवे. नागपूर किंवा सेवाग्रामचे डॉक्टर तेच आधी विचारतील, आणि ठोकळे त्यांच्याकडे पुन्हा तपासता येतील. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते, त्यामुळे आज तक्रारीची घाई नाही. पहिल्या भेटीची तारीख मात्र याच आठवड्यात घ्या, आणि सुईच्या तपासणीच्या काचपट्ट्याही सोबत न्यायला विसरू नका.